ड्रायव्हरमधल्या एका ऑब्जेक्टचा सातबारा

चाकणच्या एका कारखान्यात वाहनांचे सुटे भाग तपासणारे एक यंत्र यूएसबी केबलने औद्योगिक संगणकाला जोडलेले आहे. त्या यंत्रासाठी लागणारा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाषा, आमच्याकडे काही वर्षांपूर्वी लिहिला गेला, लिहिणारे गृहस्थ पुढे नोकरी सोडून गेले, आणि त्यांच्या टेबलाबरोबर तो ड्रायव्हरही माझ्या वाट्याला आला. सुमारे अकराशे ओळींचा तो कोड मी कधी नीट वाचला नव्हता, कारण त्याच्याबद्दल कोणाची तक्रारच नव्हती. मग कारखान्याने दोन कोअरचा जुना संगणक काढून आठ कोअरचा बसवला, मोजमापाचा प्रोग्रामही त्याच सुमारास नवा आला, आणि आठवड्यातून एखाद्या वेळी तिथल्या ऑपरेटरचा फोन येऊ लागला, "मॅडम, संगणक परत झोपला."

झोपला म्हणजे पडदा गोठलेला, कीबोर्ड निष्प्राण, आणि वीज बंद करून पुन्हा चालू करण्यावाचून उपाय नाही. खोदून खोदून विचारल्यावर एवढे कळले की त्याआधी बहुतेक वेळा केबल हललेली असते. यंत्राला कंप भरपूर आणि केबलचे टोक सैल, त्यामुळे ती निसटते आणि ऑपरेटर ती पुन्हा खोचतो. कंटाळून त्याने ती चिकटपट्टीने बांधूनही पाहिली होती. पण केबल निसटणे ही काही आपत्ती नव्हे. वाटेल तेव्हा काढता-घालता यावे, यासाठीच तर यूएसबी आहे. केबल सैल होती हे खरे, तरी संगणक त्यामुळे कोसळत असेल तर तो दोष आमचाच होता.

मी सिरियल कन्सोल (संदेश बाहेर उतरवून घेणारी तार) लावून ठेवला आणि पुढच्या खेपेला कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, शेवटचे शब्द हाती लागले. भलत्याच पत्त्यावरची मेमरी वाचायला गेल्यामुळे तो कोसळला होता, आणि कोसळला ती जागा आमच्या ड्रायव्हरमध्ये नव्हतीच. ती होती कर्नलच्या याद्या हाताळणाऱ्या सामाईक कोडमध्ये. आमच्या फंक्शनचे नाव त्याच्या खाली काही ओळींवर होते. असा निरोप वाचल्यावर पहिला मोह होतो तो दोष दुसऱ्याच्या अंगणात आहे असे मानण्याचा, आणि तो मला झालाही. नंतर ड्रायव्हर उघडला, तेव्हा केबल निघाल्यावर चालणाऱ्या डिस्कनेक्ट या फंक्शनमध्ये मेमरी मोकळी करण्याच्या आधी एक ओळ दिसली. तिने कर्नलला १०० मिलिसेकंद नुसते झोपायला सांगितले होते, आणि शेजारी टीप होती की ही ओळ काढू नये. का काढू नये, ते लिहिलेले नव्हते.

मी ती काढली नाही. मी १०० चे १००० केले. तीन आठवडे फोन आला नाही आणि मी ते प्रकरण मिटल्याचे कळवूनही टाकले. चौथ्या आठवड्यात फोन आला. हे सांगायला संकोच वाटतो, पण ते गाळले तर पुढचे सगळे मी पहिल्याच दिवशी ओळखले होते असा भास होईल, आणि तसे मुळीच नव्हते.

नेमके काय बिघडत होते ते समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. असा ड्रायव्हर जोडलेल्या प्रत्येक यंत्रामागे मेमरीत एक ऑब्जेक्ट, म्हणजे एक स्ट्रक्चर, तयार करतो. यंत्र जोडले की कर्नल ड्रायव्हरच्या प्रोब या फंक्शनला हाक मारतो आणि तिथे ते स्ट्रक्चर जन्माला येते. यंत्र काढले की डिस्कनेक्टला हाक जाते, आणि आमच्या जुन्या कोडमध्ये तिथेच त्याची मेमरी परत केली जाई. जन्म आणि मृत्यू असे समोरासमोर दिसतात म्हणूनच फसगत होते. मधल्या काळात त्या स्ट्रक्चरचा पत्ता चार ठिकाणी गेलेला असतो: प्रोग्रामने उघडलेल्या फाइलपाशी, यूएसबीकडे सोपवलेल्या यूआरबीपाशी (यंत्राशी देवाणघेवाणीची एक मागणी), एका टायमरपाशी आणि वर्कक्यूमधल्या (मागाहून करायच्या कामांची कर्नलची रांग) एका कामापाशी. केबल निघाली म्हणून प्रोग्रामची फाइल बंद होत नाही. ती प्रोग्राम बंद करील तेव्हा बंद होणार, मग ते एका मिलिसेकंदाने असो की एका तासाने, आणि बंद होताना ती ड्रायव्हरच्या रिलीज या फंक्शनमधून जाऊन त्याच स्ट्रक्चरला हात लावणार. तोवर ती मेमरी कर्नलने दुसऱ्याच कोणाला देऊन टाकलेली असू शकते.

त्या १०० मिलिसेकंदांचा अर्थ आता लागला. आधीच्या लेखकाला ही शर्यत कधीतरी दिसली असणार, आणि त्याने वाट पाहणाऱ्या प्रोग्रामला जागे करून त्याला आवराआवरीसाठी तेवढी सवलत दिली होती. जुना प्रोग्राम त्रुटी मिळताच फाइल बंद करी, म्हणून ती सवलत पुरून उरली. नवा प्रोग्राम फाइल बंद करण्यापूर्वी हातातली मोजमापे डिस्कवर लिहितो, आणि डिस्क कामात असली की त्याला एक सेकंदही पुरत नाही. झोपेचा काळ वाढवून मी दोष दुरुस्त केला नव्हता, तो फक्त दुर्मीळ केला होता. दुर्मीळ दोष हा वारंवार येणाऱ्या दोषापेक्षा शोधायला कितीतरी अवघड, म्हणजे मी स्वतःच्याच कामात भर घातली होती.

चाकणला बसून केबल निसटण्याची वाट पाहणे शक्य नव्हते, म्हणून पहिले काम दोष हुकमी उभा करण्याचे होते. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे, प्रत्येक यूएसबी यंत्राच्या नावाखाली ऑथराइज्ड नावाची एक फाइल असते. तिच्यात शून्य लिहिले की यंत्र प्रत्यक्षात जागेवर असूनही कर्नल ते काढल्यासारखे ड्रायव्हर सोडवतो, आणि एक लिहिले की पुन्हा जोडतो. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून हा खेळ चालू ठेवला, आणि त्याच वेळी चार प्रोग्राम ती यंत्राची फाइल उघडणे, वाचणे, मध्येच थांबणे आणि बंद करणे असे यादृच्छिक क्रमाने करीत राहिले. यंत्रच हाताशी नसेल तेव्हा कर्नलमधला डमी एचसीडी आणि ५.७ आवृत्तीपासून आलेला रॉ-गॅजेट यांच्या साहाय्याने खोटे यंत्रही उभे करता येते, पण माझ्याकडे टेबलावर एक जुने यंत्र पडून होते, त्यामुळे त्या वाटेला जावे लागले नाही.

कर्नल मात्र मी वेगळा बांधला, केसॅन चालू करून. हे साधन २०१५ साली ४.० आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आले आणि मेमरीच्या दर आठ बाइट्समागे एक बाइट हिशेबासाठी बाजूला ठेवून ते प्रत्येक वाचन-लेखन तपासते. मोकळी केलेली मेमरी ते लगेच दुसऱ्याला देत नाही, काही काळ विलगीकरणात ठेवते, त्यामुळे मेलेल्या ऑब्जेक्टला कोणी हात लावला की तो जागीच पकडला जातो. यंत्रणा यामुळे बरीच मंदावते. मला वेग नको होता, साक्ष हवी होती.

अकराव्या मिनिटाला अहवाल पडला. केसॅनच्या अहवालातली मोलाची गोष्ट म्हणजे त्यात तीन माग असतात: आता हात कोणी लावला, ही मेमरी मुळात कोणी घेतली, आणि ती कोणी मोकळी केली. माझ्या अहवालात घेणारा प्रोब होता, मोकळी करणारा डिस्कनेक्ट होता आणि हात लावणारा होता रीड, तोही एका विचित्र ठिकाणी. प्रोग्राम नवे मोजमाप येईपर्यंत ज्या वेट-क्यूमध्ये नाव लावून झोपतो, ती वेट-क्यू आमच्या स्ट्रक्चरच्या आतच होती. डिस्कनेक्टने प्रोग्रामला जागे केले, मग स्ट्रक्चर मोकळे केले, आणि जागा झालेला प्रोग्राम रांगेतून स्वतःचे नाव काढायला गेला तेव्हा रांगच उरली नव्हती. एसटी स्थानकावर बाकावर झोपलेल्या माणसाला हाक मारून उठवावे आणि तो उठायच्या आत बाक उचलून न्यावा, तसे ते होते. कर्नलच्या याद्यांच्या कोडमध्ये पडणारा तो पहिला निरोप खरे बोलत होता. यादी बिघडली होती, पण बिघडवणारे आम्ही होतो.

इथे मी कोडला हात लावला नाही. लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप, घालायची घाई झाली होती, पण लॉक कुठे ठेवणार? तो स्ट्रक्चरच्या आत ठेवला तर जे नाहीसे होणार आहे त्याच्याच पोटात त्याचे रक्षण करणारे कुलूप राहणार. म्हणून एक कोरा कागद घेतला आणि त्यावर वरती त्या स्ट्रक्चरचे नाव लिहून खाली त्याचा पत्ता कोणाकोणाकडे आहे, तो त्यांना केव्हा मिळतो आणि ते तो केव्हा सोडतात, हे लिहीत गेले. माझे वडील तलाठी कार्यालयात होते, त्यामुळे त्या कागदाला माझ्या मनात आपोआप सातबारा हे नाव पडले. पुढे तो विनोद राहिला नाही, कारण सातबाऱ्यावर जसे मालकांची नावे एकीकडे आणि इतर हक्क दुसरीकडे असतात, तसाच भेद इथेही करावा लागतो हे लिहिता लिहिता ध्यानात आले. ज्याच्या जाण्याची वेळ आपल्या हातात नाही तो मालक. ज्याला आपण ठरवून बाहेर काढू शकतो आणि तो गेल्याची खात्री होईपर्यंत थांबू शकतो, त्याला मालकी देण्याची गरज नसते.

उघडी फाइल ही मालक. प्रोग्रामला फाइल बंद करायला कर्नल भाग पाडू शकत नाही. जोडलेले यंत्र, म्हणजे प्रोब ते डिस्कनेक्ट हा काळ, हा दुसरा मालक. यूआरबी, टायमर आणि वर्कक्यूमधले काम हे तिघे इतर हक्कांत. हे वर्गीकरण पहिल्या झटक्यात असे स्वच्छ सुचले नाही, आणि त्या तिघांच्या बाबतीत मी आधी चूकच केली.

मालकांसाठी कर्नलमध्ये केरेफ आहे. २००४ च्या सुमारास कर्नलचे विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तो आणला, आणि तो म्हणजे ऑब्जेक्टमध्ये ठेवलेला एक मोजणीचा आकडा. नवा धारक आला की एकने वाढवायचा, धारक गेला की एकने कमी करायचा, आणि जो तो शून्यावर आणील त्यानेच मेमरी मोकळी करायची. त्याच्या दस्तऐवजात तीन नियम आहेत. पत्ता दुसऱ्याला देण्याआधी आकडा वाढवा, आणि काम संपल्यावर कमी करा, हे दोन सगळ्यांना पाठ असतात. तिसरा असा की तुमच्या हाती आधीपासून वैध हक्क नसताना नवा हक्क मिळवायचा असेल, तर त्या क्षणी दुसरा कोणी शेवटचा हक्क सोडत नाही याची व्यवस्था आधी करा. पहिले दोन नियम पाळून मी दोन तासांत केरेफ बसवला, चाचणी लावून घरी गेले, आणि सकाळी पडद्यावर इशारा होता की शून्य झालेला आकडा कोणीतरी पुन्हा वाढवला आहे. हा इशारा मिळाला याचे श्रेय २०१७ साली ४.११ आवृत्तीत आलेल्या रेफकाउंट या प्रकाराला, ज्यावर आता केरेफ उभा आहे. साध्या आकड्यात शून्याचा एक मुकाट्याने झाला असता आणि मेलेले ऑब्जेक्ट जिवंत समजून पुढचा कारभार चालला असता.

शून्याचा एक करणारे फंक्शन होते ओपन. प्रोग्राम यंत्राची फाइल उघडतो तेव्हा ओपन आधी यंत्राच्या मायनर क्रमांकावरून, म्हणजे त्या फाइलला दिलेल्या क्रमांकावरून, यूएसबी इंटरफेस (यंत्राची कर्नलमधली नोंद) शोधते, त्यावर टांगलेला आमच्या स्ट्रक्चरचा पत्ता घेते आणि मग आकडा वाढवते. पत्ता घेणे आणि आकडा वाढवणे यांच्यामध्ये एक फट आहे. त्या फटीत डिस्कनेक्टने यंत्राचा हक्क सोडला, आणि तो शेवटचा निघाला, तर ओपन ज्याचा आकडा वाढवणार ते ऑब्जेक्टच उरलेले नसते. फट काही नॅनोसेकंदांची असेल. पण आठ कोअर सतत त्या दारातून ये-जा करत असतील तर एका रात्रीत ती सापडतेच. शंका राहू नये म्हणून मी त्या फटीत मुद्दाम काही मिलिसेकंदांचा विलंब घातला आणि तोच इशारा अर्ध्या मिनिटात मिळवला. असा विलंब हे शोधाचे उत्तम हत्यार आहे. दुरुस्तीसाठी तो वापरला की त्याची डिस्कनेक्टमधली ती झोपेची ओळ होते.

मी यावर स्वतःचा एक जागतिक म्यूटेक्स (लॉकचाच एक प्रकार) घालणार होते. त्याआधी सहज म्हणून कर्नलमध्येच नमुन्यादाखल ठेवलेला यूएसबी-स्केलेटन हा ड्रायव्हर उघडला, आणि त्यात या फटीसाठी काहीच लॉक दिसेना. बराच वेळ मला वाटले की नमुन्यातच दोष आहे. तसे नव्हते. यूएसबीच्या मूळ कोडमध्ये मायनर क्रमांकांच्या तक्त्यावर एक रीड-राइट सेमाफोर आहे, म्हणजे वाचणारे अनेक पण लिहिणारा एकटाच आत येऊ शकतो असा लॉक. फाइल उघडताना तो वाचनासाठी धरला जातो आणि ड्रायव्हरचे ओपन पूर्ण होईपर्यंत धरलेलाच राहतो, आणि क्रमांक रद्द करणारे डीरजिस्टर तोच लेखनासाठी मागते. म्हणजे डिस्कनेक्टने सगळ्यात आधी क्रमांक रद्द केला, तर त्या ओळीतून बाहेर पडताना दोन गोष्टी नक्की झालेल्या असतात: जे ओपन आत होते ते आकडा वाढवून बाहेर पडले आहे, आणि नवे आत येऊ शकत नाही. त्यानंतर यंत्राचा हक्क खुशाल सोडावा. आमच्या डिस्कनेक्टमध्ये या दोन ओळी उलट क्रमाने होत्या. दुरुस्ती म्हणजे एक ओळ सहा ओळी वर नेणे. ती का नेली हे समजावणारी कमिटची, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीची, टीप मात्र पानभर झाली, आणि ती तशीच असावी असे माझे मत आहे, कारण पुढच्या कोणाला तरी या ओळी नीटनेटक्या रचण्याची हौस येणारच.

आता इतर हक्कांचे तिघे. यंत्राकडून माहिती आली की यूआरबी पूर्ण होतो, त्याचे कंप्लिशन फंक्शन वर्कक्यूमध्ये काम टाकते, आणि ते काम माहितीवर प्रक्रिया करून यूआरबी पुन्हा यूएसबीकडे सोपवते. यंत्र दोन सेकंद गप्प राहिले तर टायमर वाजतो आणि तोही तेच काम वर्कक्यूमध्ये टाकतो, आणि काम संपताना टायमरला पुन्हा चावी देते. प्रत्येक जण दुसऱ्याला उठवणारा. एकाला झोपवून दुसऱ्याकडे वळावे तोवर तिसरा पहिल्याला जागे करतो.

मी म्हटले, याही तिघांना मालक करून टाकू. काम रांगेत टाकताना आकडा वाढवायचा, काम संपताना कमी करायचा. चाचणी सुरू केली, केसॅन गप्प राहिला, आणि १२० सेकंदांनी कर्नलने कळवले की वर्कक्यूचा एक धागा अडकून पडला आहे. झाले होते ते असे: प्रोग्रामने फाइल आधी बंद केली, डिस्कनेक्टनेही आपला हक्क सोडला, आणि शेवटचा हक्क त्या कामापाशी उरला. कामाने तो सोडताच मेमरी मोकळी करणारे फंक्शन त्या कामाच्याच आत चालू झाले, आणि त्यातली पहिली ओळ होती हे काम रद्द करून ते संपेपर्यंत थांबा. काम स्वतःच्याच संपण्याची वाट पाहत बसले. टायमरच्या आणि यूआरबीच्या बाबतीत याहून वाईट घडू शकते, कारण त्यांची फंक्शने जिथे चालतात तिथे झोपायला परवानगीच नसते आणि मोकळे करणाऱ्या फंक्शनमध्ये म्यूटेक्स असला तर वेगळाच गोंधळ. मालकी वाटून टाकणे सोपे, पण मग शेवटचा सोडणारा कोण आणि तो कोणत्या अवस्थेत असेल, हे आपल्या हातात राहत नाही.

म्हणून त्यांना पुन्हा इतर हक्कांत ढकलले आणि ठरवले की डिस्कनेक्टनेच तिघांना बाहेर काढायचे, ते गेल्याची खात्री करायची आणि मग यंत्राचा हक्क सोडायचा. इथे नुसते थांबवणे पुरत नाही, हे मला दोन दिवस घालवून कळले. यूआरबी मारणारे किल हे फंक्शन चालू असलेला यूआरबी संपेपर्यंत थांबते, पण ते परतल्यावर कोणीही तो पुन्हा सोपवू शकतो, आणि आमचे काम नेमके तेच करीत होते. त्याऐवजी पॉइझन वापरले की पुढची प्रत्येक सोपवणूक नाकारली जाते. टायमरचेही तसेच. जुने डिलीट-सिंक वाजणारा टायमर थांबवते, पण चावी पुन्हा देता येते. ६.२ आवृत्तीपासून शटडाउन-सिंक आहे, त्यानंतर दिलेली चावी मुकाट्याने वाया जाते. आमचा कर्नल ६.६ चा असल्याने ते मिळाले. तेव्हा क्रम असा लागला की आधी यूआरबीला विष, मग टायमर कायमचा बंद, आणि शेवटी काम रद्द. पहिल्या दोन पावलांनंतर काम रांगेत टाकणारे कोणी उरत नाही, आणि जे काम त्या क्षणी चालू असेल त्याने यूआरबी सोपवायचा किंवा टायमर लावायचा प्रयत्न केला तरी तो फुकट जातो. हा क्रम मी कागदावर सहा प्रकारे लावून पाहिला आणि प्रत्येक ठिकाणी कोण कोणाला उठवू शकतो ते तपासले. काम रद्द करताना मी सुरुवातीला तोच म्यूटेक्स धरून बसले होते जो कामाला आत लागतो, पण ती चूक लॉकडेपने (लॉकच्या वापरातल्या चुका ओळखणारे कर्नलचे साधन) पहिल्याच फेरीत, प्रत्यक्ष कोंडी होण्याआधीच, दाखवून दिली.

यानंतर एक गोष्ट राहिली, जी मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जी केरेफ लावला की माणूस विसरतो. मेमरी जिवंत असणे आणि यंत्र हजर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता उघड्या फाइलपाशी असलेले स्ट्रक्चर वैध राहत होते, पण त्यामागचे यंत्र गेलेले होते, आणि डिस्कनेक्टमधून परतल्यावर त्या इंटरफेसला दुसरा ड्रायव्हरही जोडला जाऊ शकतो. तेव्हा रीडने किंवा आयओसीटीएलने (यंत्राला खास आज्ञा देणारे फंक्शन) मेमरी आहे म्हणून यूएसबीशी बोलायला जाणे चूकच. म्हणून स्ट्रक्चरमध्ये यंत्र गेल्याची एक खूण ठेवली. ती म्यूटेक्स धरूनच बदलायची, आणि प्रत्येक फंक्शनने तो म्यूटेक्स धरून, खूण पाहून, मगच यंत्राशी बोलायचे. खूण दिसली तर यंत्र नाही ही त्रुटी परत करायची. खूण पाहून म्यूटेक्स सोडायचा आणि मग बोलायचे, असे केले तर फट पुन्हा उघडते. जुन्या आयओसीटीएलमध्ये अशी तपासणी अगदी सुरुवातीला एकदाच, लॉकशिवाय होती. ती असल्यामुळे कोड सावध वाटे, प्रत्यक्षात तिचा उपयोग शून्य होता.

रिव्ह्यूच्या वेळी आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले की एवढा खटाटोप कशाला, डेव्हएम वापरून मेमरी घेतली तर कर्नल ती आपणहून परत करतो. सूचना सदिच्छेची होती आणि हा समज फार पसरलेला आहे. डेव्हएमने घेतलेली मेमरी ड्रायव्हर यंत्रापासून सुटला की, म्हणजे डिस्कनेक्ट संपताच, मोकळी होते. आम्ही ज्या चुकीतून बाहेर पडलो तीच चूक, फक्त आता ती कोडमध्ये दिसतही नाही. ज्या मेमरीला फाइलवाटे बाहेरून कोणी धरू शकते तिच्यासाठी डेव्हएम नाही. ते त्यांना पटले, आणि मग त्यांनीच असे काही दाखवले की मी गप्प झाले. आमच्या फाइल-ऑपरेशन्सच्या तक्त्यात ओनर हा रकानाच भरलेला नव्हता. तो भरलेला असेल तर फाइल उघडी असेपर्यंत मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये चढवलेला ड्रायव्हरचा कोड, उतरवता येत नाही. तो रिकामा असल्यामुळे फाइल उघडी असतानाही मॉड्यूल उतरवता येत होते, आणि मग फाइल बंद करताना कर्नल ज्या रिलीजला हाक मारणार ते फंक्शनच मेमरीत नसणार. मी ऑब्जेक्टचा सातबारा काढला होता, पण ज्या कोडवर ते ऑब्जेक्ट अवलंबून होते त्याचा काढला नव्हता. एका ओळीची भर.

सिसएफएसमधल्या आमच्या दोन फाइलींचाही मी धसका घेतला होता, पण त्या काढताना कर्नल चालू असलेली वाचने संपेपर्यंत स्वतःच थांबतो, त्यामुळे तिथे काही करावे लागले नाही.

शेवटची चाचणी शुक्रवारी संध्याकाळी लावली आणि सोमवारी सकाळी पाहिली. स्क्रिप्टने यंत्र लाखाहून अधिक वेळा काढले-जोडले होते आणि कन्सोलवर केसॅन, लॉकडेप, अडकलेला धागा, कशाचाही एक शब्द नव्हता. मग फटींमध्ये घातलेले सगळे विलंब एकेक करून परत काढले. सर्वात शेवटी, वेगळ्या कमिटमध्ये, डिस्कनेक्टमधली ती झोपेची ओळ आणि तिच्या शेजारची टीप खोडली. त्या कमिटच्या वर्णनात मूळ लेखक कशाची वाट पाहत होता आणि आता ती वाट का पाहावी लागत नाही ते लिहिले, आणि १०० चे १००० मी केले होते हेही.

नवा ड्रायव्हर घेऊन चाकणला गेले तेव्हा ऑपरेटर काकांनी आधी माझ्याकडे आणि मग केबलकडे पाहिले. "ओढू का मॅडम?" "ओढा काका." त्यांनी चिकटपट्टी थोडी उचलून केबल खेचली. प्रोग्रामने यंत्र जोडलेले नाही असे दाखवले, त्यांनी ती पुन्हा खोचली, आकडे पुन्हा धावू लागले. त्यांनी आणखी सात-आठ वेळा ओढून पाहिली, शेवटच्या दोनदा तर मोजमाप ऐन रंगात असताना. मग पट्टीचे सुटलेले टोक हातात धरून विचारले की आता ही काढून टाकायची का. मी म्हटले, ती राहू द्या.